वकिलांच्या बैठकीतली भिंत

जळबाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पुसेगावहून हिंगोलीला जाणारी पहिली जीप भरली की निघायची. आत बसायला मिळालं तर दिवसभर कंबर साथ देते, मागं लटकत गेलं तर देत नाही, म्हणून तो अंधारातच रस्त्यावर येऊन उभा राहायचा. बायको चतुराबाई लहानग्या साक्षीला शेजारणीकडं सोपवून, भाकरी फडक्यात बांधून मागोमाग यायची. दोघं एकाच कामावर जात. तो भिंती बांधायचा, पाडायचा. ती घमेल्यानं माती वाहायची.

जळबा गवंडी चांगला, पण भित्रा. लातूरकडं भूकंप झाला तेव्हा तो मलबा उपसायला गेला होता. तिथं काय पाहिलं ते त्यानं चतुराबाईलाही नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "भिंतीनं माणसं कमी मेली. डोक्यावरच्या मातीनं जास्त मेली." तेव्हापासून कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की त्याची मान आधी वर जायची. सोयरे चेष्टा करत, "काहून वर पाहून राहिला रे जळबा? पाल पडली का अंगावर?" बाकीचे हसत. जळबा दाराजवळची जागा धरून बसायचा.

हिंगोली जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बाजारातल्या गल्लीत एकाच माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली, दोन वकील शेजारी शेजारी बसत. शिवशंकर वकील जमिनीचे दावे चालवत, रूपसिंग वकील मारामारीचे. मधे एक भिंत होती. जिल्हा झाला, आता काम वाढणार, म्हणून दोघांनी एक व्हायचं ठरवलं. एक पाटी, एक कारकून, एक मोठी बैठक. त्यासाठी भिंत जायला हवी होती.

हे घर उकंडरावांचं. पूर्वी दोघा भावांत होतं, वाटणीत मधे भिंत घातली गेली. पुढं थोरला भाऊ आपला अर्धा भाग धाकट्या उकंडरावांना देऊन गोरेगावला गेला. भिंत तेवढी राहिली.

जळबानं काम घेण्याआधी वर पाहिलं. भिंतीच्या डोक्यावर, तिच्याच लांबीत, सागाची जाड तुळई होती. तिच्यावर फळ्या, फळ्यांवर हातभर माती. तुळई सरळ होती, वाळवी नव्हती.

"वाटणीची भीत हाय, साहेब," तो म्हणाला. "छत आधीचं, भीत मागून आलेली. वरचा भार तिच्यावर नसतो. पाडली तरी काई होत न्हाई."

आमच्या भागातला कुठलाही गवंडी हेच म्हणाला असता. भाऊ वेगळे होतात तेव्हा छत पाडत नाहीत, खाली भिंत घालतात. हे सगळ्यांना ठाऊक.

भिंत पाडणं बांधण्यापेक्षा अवघड. बांधताना चुकलं तर वीट काढून पुन्हा लावता येते. जळबानं घण आणलाच नव्हता. मधोमध दाराएवढी जागा धरून तो वरून एकेक वीट सैल करायचा, हातात घ्यायचा, खाली द्यायचा. मेहनत दुप्पट, पण हादरा नाही. वरून मातीची बारीक धार गळत होती. जुन्या घरात माती गळतेच, असं तो मनाला सांगत होता. तरी दर विटेला मान वर जात होती.

दुपारपर्यंत भिंतीत जमिनीपर्यंत वाट झाली. लगेच दोन्ही वकील आत आले. शिवशंकर वकिलांच्या हातात कागदावर काढलेला नकाशा होता.

"माझं टेबल दाराकडं," ते म्हणाले.

"का बरं?" रूपसिंग वकील म्हणाले. "आत आलेला पक्षकार आधी तुम्हालाच रामराम करणार, आणि मी काय मागं बसून पाणी भरू?"

"मी वयानं मोठा आहे."

"दाव्यांचा निकाल लागेपर्यंत तुमचे पक्षकारही म्हातारे होतात. माझे निदान घाईत असतात."

दोघं हसले. नेमके तुळईच्या खाली उभे होते. चतुराबाई त्यांच्या पायाशी बसून शेवटचा ढिगारा घमेल्यात ओढत होती. तिनं माती बाजूला सारली आणि खाली घडीव दगड दिसला. चौकोनी, मधे खळगा.

जळबानं तो पाहताच ओळखला. तो तळखडा होता. लाकडी खांबाच्या पायाखाली बसवतात तो दगड. तळखडा आहे म्हणजे इथं खांब होता, आणि खांब नाही म्हणजे तुळईचा भार भिंतीनंच पेलला होता. ती भिंत आपण मधोमध फोडली.

त्यानं वर पाहिलं. सकाळी सरळ असलेली तुळई मधे किंचित वाकली होती. लाकूड कण्हल्यासारखं वाजलं.

 मोठ्यानं बोललं तर छत येईल, असं जळबाला वाटलं. तो हळूच म्हणाला, "साक्षीचे माय, घमेलं तितंच ठिव. भाईर ये."

"अवो, भरलं हाय, नेऊन टाकते की."

"ठिव म्हणलं ना!"

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि घमेलं सोडलं. लातूरहून आला तेव्हा त्याचं तोंड असंच होतं. वकिलांना त्यानं हातानंच दार दाखवलं. शिवशंकर वकील नकाशाची घडी घालू लागले, तसं रूपसिंग वकिलांनी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं.

गल्लीत उकंडराव पान खात उभे होते. जळबानं विचारलं, "मालक, मधे खांब होता का हितं?"

"होता की. सागाचा, एका मिठीत मावत नव्हता. वाटणीत तुळई माझ्याकडं आली, खांब थोरल्याच्या वाट्याला गेला. त्यानं काढून नेला, चौकटी केल्या. भीत वर तुळईला टेकवून मगच काढला म्हणा, जागा विटांनी भरली."

"आन तुमी सांगितलं न्हाई?"

"तू विचारलं न्हाई."

 खरं होतं. वर पाहणाऱ्यानं खाली काय होतं ते विचारलंच नव्हतं.

रूपसिंग वकील वखारीतून निलगिरीच्या दोन बल्ल्या आणि पाचरी घेऊन आले. आता त्या कुणीतरी आत जाऊन लावायच्या होत्या.

"राहू दे जळबा," ते म्हणाले. "पडलं तर पडलं. मोकळी खोली आहे."

"पलीकडच्या घराचं छत ह्याच तुळईला बांधून हाय, साहेब. तिथं लेकरं निजलीत."

तो आत गेला.  पहिली बल्ली तुळईखाली उभी केली, बुडाशी पाचर घातली. पाचरीला जोरात ठोकता येत नव्हतं. हलका ठोका, थांबायचं, ऐकायचं. पुन्हा हलका ठोका. डोळ्यांत माती गेली, पण पुसायला हात सोडता येईना. दारातून चतुराबाई म्हणत होती, "झालं का? अवो, झालं का?"  दुसरी बल्ली घट्ट बसली तेव्हा लाकडाचं कण्हणं थांबलं. बाहेर येऊन तो ओट्यावर बसला आणि ओकला.

"माझं चुकलं, साहेब," मग तो म्हणाला. "खांबाबिगर बैठक होत न्हाई."

तळखड्यावर नवा खांब उभा राहिला, मगच उरलेली भिंत निघाली. नकाशा फाटला. खांबाच्या एका अंगाला एक टेबल, दुसऱ्या अंगाला दुसरं. आत येणाऱ्याला आधी खांबच दिसायचा. भांडण मिटलं. शिवशंकर वकील म्हणत, "आमच्या बैठकीत सगळ्यांत वडील हाच."

जळबाला नंतर कैक रात्री झोप नव्हती. पुसेगावचं त्याचं घरही माळवदाचंच होतं. अंधारात वरून मातीचा कण पडला तरी तो उठून बसायचा, साक्षीच्या अंगावर हात आडवा धरायचा. पावसाळ्यात दारात चिखल होतो, म्हणून त्या कामाची मजुरी चतुराबाईनं फरशीसाठी ठेवली होती. पहिल्यांदाच त्यानं तिचं ऐकलं नाही. स्वतःच माळवदावर चढून सगळी माती घमेल्या घमेल्यानं खाली उतरवली, आणि त्या पैशांत घरावर पत्रे टाकले.

"भट्टी केली नुसती," वैशाखात चतुराबाई पदरानं वारा घेत म्हणाली. "काय भाजून राहिलं!"

"भाजू दे," म्हणत जळबा पोरीशेजारी आडवा झाला आणि भर दुपारी घोरू लागला.