रणगाड्यांचं डिझेल

"लढणाऱ्याचं नाव होते, पण दाणा आपल्या बैलांवरून जाते," माझे बापू म्हणायचे. आम्ही बंजारे, पूर्वी फौजांना धान्य पोचवणारे.

आज दुपारी लेक मैत्रिणींसोबत कॉम्प्युटरवर एका लवकरच येणाऱ्या युद्धाच्या गेमचा डेमो खेळत होती. अचानक सगळे रणगाडे थांबले.

"काहून थांबले?" मी विचारलं.

"डिझेल संपलं."

"मग रसदीचे ट्रक?"

"ते कोण घेते, आई! सगळ्यांले रणगाडाच पाहिजे."

भाव पडला त्या वर्षांतही आमचा कापूस पांढरकवड्याच्या बाजारात मीच पोचवला. जेवण झाल्यावर मी माउस धरायला शिकायला बसले.

या गेमच्या ग्रुपवरच्या खेळाडूंनो, ट्रक मी चालवते म्हटलं तर लेक नाही म्हणाली, तुम्हीही म्हणाल. तरी मागते: गेम आला की तुमच्या टीममधले ट्रक मला द्या.