उन्हातली घंटा

ढगाळ दिवशी मुलं जास्त बहिरी निघतात, हा विनोद आमच्या समितीत पहिल्यांदा मीच केला. सगळे हसले. घंटाबाई सगळ्यांत जास्त हसल्या आणि म्हणाल्या, ढग आले की माझे सांधे धरतात, हाताला जोर राहत नसेल. ते हसणं मला आजही ऐकू येतं.

समिती म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. पाच माणसं. अध्यक्ष म्हणून निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणायचे. एक औषधांचे दुकानदार. एक शिंपी, ज्याची मुलगी वेळेवर मदत मिळाल्यामुळे चालायला लागली होती. चिटणीस म्हणून मी, शाळेतली कारकून. आणि घंटाबाई. तीन वर्षांच्या आतली जी मुलं वेळेवर बसत नाहीत, बघत नाहीत, ऐकत नाहीत, ती हुडकून मोठ्या इस्पितळात पोचवायची, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आजीची समजूत घाला, बापाला रजा मिळवून द्या, गाडी ठरवा, वरच्या कार्यालयात खेटे घाला. तीन वर्षं पुरी झाली की मूल आमच्या यादीतून बाहेर. त्यामुळे बाकीचं जग वाढदिवसाला खूश होतं तेव्हा आम्ही पाच जण बोटं मोजत बसायचो.

घंटाबाईंना मी मावशी म्हणते. तीस वर्षं त्यांनी पाळणाघरात आयाचं काम केलं. त्यांचा धाकटा भाऊ बहिरा आहे हे घरच्यांना कळलं तेव्हा तो सात वर्षांचा होता. तोवर तो मठ्ठ म्हणून मार खात होता, आणि मारणाऱ्यांत मावशीही होत्या. "मी त्याच्या पाठीत धपाटे घातलेत गं," हे त्या मला इतक्या वेळा सांगायच्या की मला त्या धपाट्यांचा आवाज पाठ झाला होता. पाळणाघर सुटल्यावर त्या इस्पितळात जाऊन कानाची साधी तपासणी शिकून आल्या आणि एक पितळी घंटा घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. ही बाई हट्टी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दार लावून घेतलं तर त्या जिन्यात बसून राहायच्या, दुपारपर्यंत. शेवटी आतूनच कुणीतरी पाणी घेऊन यायचं, आणि पाणी दिलं की बोलणं आलंच.

तपासणी आमच्या खोलीतच व्हायची. सरकारी इमारतीचा तळमजला, मागच्या भिंतीला पूर्वेची रुंद खिडकी, खिडकीपुढे पांढऱ्या पृष्ठभागाचं टेबल. आई मुलाला मांडीवर घेऊन खिडकीकडे पाठ करून बसायची. समोर मी, हातात कापडी बाहुली, मुलाचं लक्ष गुंतवायला. मावशी मागे उभ्या राहून हात लांब करायच्या आणि घंटा वाजवायच्या, आधी उजवीकडे, मग डावीकडे. मूल वळलं की पास. नाही वळलं तर पंधरा दिवसांनी पुन्हा बोलवायचं, आणि तेव्हा वळलं तरी पास. सकाळी नऊला सुरू करायचो, कारण तेव्हा मुलं पोटभर खाऊन ताजी असतात. ऊन थेट माझ्या डोळ्यांवर यायचं, म्हणून मी मान खाली घालून बसायचे. टेबल माझ्या नाकासमोर होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

वहीत तारखेशेजारी हवाही मीच लिहायचे, ऊन किंवा ढगाळ किंवा पाऊस. पावसात मुलं कमी यायची आणि वरचे साहेब कारण विचारायचे. ऊन-पावसाची ती नोंद साहेबांनी कधी वाचली नाही. मीही नाही.

कोपऱ्यावरची बेकरीवाली आपल्या पोरीला तीनदा घेऊन आली होती. पहिल्यांदा पोरगी वळली नाही. पंधरा दिवसांनी लख्ख उन्हात दोन्हीकडे वळली. तरी बाई महिन्याभरानं परत हजर. रात्री भांडं पडलं तरी उठत नाही म्हणाली. त्याही दिवशी ऊन होतं, पोरगी झटकन वळली, आणि मावशी तिला म्हणाल्या की आता आईचेच कान तपासायला हवेत. बाई ओशाळून हसली. दुसऱ्या दिवशी पावाचं पुडकं घेऊन आली, उगाच त्रास दिला म्हणून. ते पाव आम्ही चहात बुडवून खाल्ले.

मग मावशींना नात झाली. छकुली. नऊ महिन्यांची असताना मावशींनी तिला त्याच टेबलाशी बसवून स्वतः तपासलं, आणि ती अशी वळली की सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. छकुली दोन वर्षांची झाली, वर दोन महिने झाले, तरी एक शब्द बोलेना. सुनेनं दोन-तीनदा विषय काढला. हाक मारली तर बघत नाही म्हणाली. मावशींनी सांगून टाकलं की आमच्याकडची मुलं उशिराच बोलतात, आणि कान मी स्वतः तपासलेत. सुनेनं विषय सोडला. सासूच घंटाबाई असल्यावर तिनं दाद मागायची कुणाकडे?

त्या दिवशी सुनेला बाहेर जायचं होतं म्हणून मावशी छकुलीला कामावर घेऊन आल्या. बाहेर ढग, मध्येच ऊन, पुन्हा ढग. तपासण्या संपल्या होत्या. मावशी कोपऱ्यातल्या नळावर खेळणी धूत होत्या. छकुली टेबलाशी, त्याच खुर्चीत, ठोकळ्यावर ठोकळा रचत होती. मी तिच्या मागून घंटा उचलली, कपाटात ठेवायला. घंटा वाजली, अगदी तिच्या कानामागे. ती वळली नाही. खेळात आहे, असं मला वाटलं. मी गंमत म्हणून हात लांब करून पुन्हा वाजवली. नाही. तेवढ्यात ऊन पडलं. मी घंटेचा लोलक मुठीत धरला होता, आवाज नको म्हणून, आणि हात मागे घेत होते. माझ्या हाताची सावली पांढऱ्या टेबलावरून सरकत तिच्या ठोकळ्यांवर गेली. छकुली गर्रकन वळली आणि खुदकन हसली.

घंटा वाजलीच नव्हती.

मान वर केली तर मावशी माझ्याकडे बघत होत्या. हातातल्या रबरी बदकातून पाणी गळत होतं. त्यांनी बदक खाली ठेवलं. कपाटातून जुनी चादर काढली, स्टुलावर चढून खिडकीवर टांगली, चारी बाजूंनी नीट खोचली. खोली काळवंडली. मग माझ्या हातातून घंटा घेतली. उजवीकडे वाजवली, डावीकडे वाजवली, शेवटी अगदी डोक्यामागे, इतक्या जोरात की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. छकुलीनं सातवा ठोकळा सहाव्यावर ठेवला.

मावशी रडल्या नाहीत. घंटा टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "किती वर्षं झाली गं आपल्याला?"

"अकरा," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मी वही उघडली. उन्हाच्या दिवशी पास झालेली मुलं, दोनशे त्रेसष्ट. त्यातली बहुतेक धडच असणार, हे मला कळत होतं. कोणती धड नाहीत, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. सावलीला वळलेलं मूल आणि आवाजाला वळलेलं मूल, दोघांपुढेही माझ्याच अक्षरात 'पास' लिहिलं होतं. आवाजाशिवाय काहीही मुलाच्या नजरेला पडू नये, हे मावशींना शिकवलेलं होतं, पण त्या मागे उभ्या असत, त्यांना टेबल दिसतच नसे. दिसत होतं मला. अकरा वर्षं ती सावली माझ्या बाहुलीवरून ये-जा करत होती आणि मी उन्हाला शिव्या देत मान खाली घालत होते. ही वही हरवली तर काय होईल, असा विचार माझ्या मनात आला. आला तो राहायलाच आला. तीन दिवस मी तो पोसला.

चौथ्या दिवशी बैठक झाली. मावशींनी सगळं सांगितलं, एकही गोष्ट मऊ न करता. दुकानदार म्हणाले की हे बाहेर फुटलं तर उद्यापासून एकही आई मूल घेऊन येणार नाही, आणि मग जी मुलं वाचली असती तीही जातील. खोटं नव्हतं ते, म्हणून जास्त भीती वाटली. गुरुजींनी चष्मा पुसला. आजपासून पडदा लावू, त्यांनी सुचवलं, मागचं कशाला उकरायचं. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्या मुठीत मुलं आहेत, गुरुजी," मावशी म्हणाल्या. "माझ्या छकुलीला इस्पितळातली तारीख मिळाली. मला कळलं म्हणून मिळाली. दहा महिने उरलेत तिचे. बाकीच्यांना कोण सांगणार?"

सगळ्या आयांना सांगावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, गुरुजी म्हणाले. शिंप्यानं लगेच केला. मी केला, पण उशिरा, आणि तो उशीर मावशींनी पाहिला. तीन विरुद्ध दोन. जाताना दुकानदारांनी माझ्याशी बोलणं टाळलं.

यादी वयानं लावायची ठरली, आधी तीनच्या आतली मुलं. ज्यांची तीन उलटून गेली त्यांच्यासाठी आमच्याकडे ना गाडी होती ना इस्पितळाची चिठ्ठी. तरी मावशी म्हणाल्या की पहिलं दार बेकरीचं. मी म्हटलं, ती मुलगी पाचची झाली, आता आपण काय देणार? त्या म्हणाल्या, तिच्या आईला खोटं ठरवलंय आपण, तेवढं तरी परत घेऊ. घंटा त्यांनी सोबत घेतली नाही.

सकाळचे नऊ वाजले होते. लख्ख ऊन. आता मला ऊन आवडत नाही. बेकरीचं दार उघडं होतं, आत बाई गल्ल्यामागे उभी, आणि अलीकडे दाराकडे पाठ करून मुलगी स्टुलावर बसलेली, कागदी पिशव्यांची चळत लावत. बाईनं आम्हाला पाहिलं, हात पुसले, मुलीला म्हणाली, बघ कोण आलंय. मुलगी पिशव्या लावत राहिली. बाईनं पुन्हा हाक मारली. मग आम्ही पायरी चढलो, आणि आमच्या दोघींच्या सावल्या पुढे जाऊन तिच्या पिशव्यांवर पडल्या.

मुलगी वळली. मावशींकडे बघून हसली.

बाईचा चेहरा फुलला. "बघितलंत? पाऊल वाजलं नाही तरी कळलं तिला," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात तेच खरं. कान तिखट आहेत पोरीचे. बोलेल आता. मी वाट बघतेय."

मावशी दारातून बाजूला झाल्या, त्यांची सावली पिशव्यांवरून निघून गेली. त्यांनी गल्ल्याची कड घट्ट धरली.

"बाई, तुमचं खरं होतं," त्या म्हणाल्या. "तीनही वेळा."