वडीतला काळा मणी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवाला तर मुळीच नाही. आता पोटात ठेववत नाही, एवढंच.

मी हिंगोलीकडच्या गावांत बायकांच्या छातीतली गाठ शोधायचं यंत्र घेऊन फिरते. यंत्र उजेडाचं, कातडीला टेकवलं की गाठ असेल तिथे पडद्यावर काळा डाग दिसतो. पण रोज सकाळी आधी यंत्राचीच परीक्षा. त्यासाठी एक रबरी वडी असते — कागदोपत्री फॅन्टम, आम्ही वडीच म्हणतो. अंगाच्या मांसासारखी मऊ, आत लपवलेला एक काळा मणी. मणी दिसला तर यंत्र शहाणं. नाही दिसला तर शिबिर बंद, सगळ्यांना घरी पाठवायचं.

थांबा, सांगते — सांगतेच.

चार वर्षं तीच वडी. मणी कुठे आहे हे मला डोळे मिटून ठाऊक. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर, त्या सकाळी, तो दिसला नाही. पुन्हा टेकवलं — नाहीच. बाहेर बायका कापूसवेचणीचा रोज बुडवून बसलेल्या. त्यांना परत पाठवलं तर किती बोलणी खावी लागतील! मणी कुठे पळून जातोय, आहे तिथेच आहे की — असं म्हणून मी वहीत लिहिलं, 'दिसला'.

पहिलीच आत आली गंगाबाई. चाळिशीची, हसरी. पदरानं माझी खुर्ची पुसून दिली.

"काही न्हाई ना, ताई?"

"काही नाही." पडदा स्वच्छच होता. कसा नसणार?

दुसऱ्या दिवशी यंत्र उघडलं, तर खोलवर उजेड पोचवणारे आतले दिवे गेलेले. गुपचूप बदलून घेतले. झाकली मूठ सव्वा लाखाची! तांडा काही लांब नव्हता. पण पुढच्या फेरीत बघू, म्हटलं.

ती फेरी आठ महिन्यांनी आली. गंगाबाई पुन्हा पहिलीच — पदराआड लिंबाएवढी गाठ घेऊन.

"तवा न्हवती ना, ताई?"

"नव्हती," मी म्हणाले.

"मंग माझंच ध्यान न्हाई राहिलं," ती म्हणाली, आणि मला लाज वाटली — पण त्याहून जास्त, सुटल्यासारखं वाटलं. हो, सुटल्यासारखं.

पुढे गंगाबाई वारली, तेव्हा मी तांड्यावर भेटायला गेले. तिची नणंद सांगत होती, "शेवटपर्यंत म्हणून राहिली, ताईनं तर बराबर पाहिलं व्हतं, म्याच हयगय केली."

मग तिनं मला चहा दिला. मी तो सगळा प्याले.