मांड्यावरचे डाग

मुलांनो, आजोबांच्या पायाचे काय झाले असे तुम्ही फोनवर विचारता, आणि मी ‘बरे आहेत’ म्हणून विषय बदलते. ते मागे बसून ऐकत असतात. म्हणून लिहून कळवते.

आखाजीच्या सणाला धुळ्याहून अक्का, म्हणजे आजोबांची थोरली बहीण, माहेरपणाला आली होती. अंगणात चुलीवर खापर पालथे घालून ती पुरणाचे मांडे भाजत होती. आजोबा भर उन्हात मेहरूणला जाऊन दही घेऊन आले. ते फाटकातून आत शिरताच अक्का हसायला लागली.

“भाऊ, तुनी दुसरी चप्पल कोठे शे?”

“पायमा शे ना!”

“मंग मी काय आंधयी शे?”

त्यांनी खाली पाहिले. उजवा पाय अनवाणी होता. रस्त्याचे डांबर मऊ पडावे इतके ऊन, आणि त्यांना चटका कळलाच नव्हता. संध्याकाळी अंगठ्याखाली मोठा फोड आला. अक्काचे हसू थांबले.

फोड फुटला, त्याची जखम झाली, ती भरेना. डॉक्टरांनी समजावले : रक्तात वर्षानुवर्षे जास्त असलेली साखर शरीरातल्या प्रथिनांना चिकटते. प्रथिनांची घडण बिघडते, आणि त्यामुळे नसांच्या, बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी हळूहळू मरतात. मी इंग्रजीतून शिकलेली; घरी येऊन आणखी वाचले. त्यातून कळले ते इतकेच, की मांड्यावर तपकिरी डाग पडतात तेही साखर आणि प्रथिने तापून एकमेकांना चिकटल्यामुळेच. खापरावर त्याला पळभर लागते, अंगात कित्येक वर्षे.

अक्काला सांगितले, तर म्हणाली, “आते गोड बंद करूत. समदं उतरी जाई.”

“मांड्यावरचा डाग उतरतो का, अक्का?”

आजोबांचे गोड तर आम्ही केव्हाच बंद केले होते.

आता डॉक्टर म्हणतात, अंगठ्यात जाणीव उरली आहे का ते बघत राहा. जखम चिघळली तर तो काढावा लागेल. रोज पट्टी बदलल्यावर मी आजोबांना डोळे मिटायला सांगते आणि कापसाने एकेका बोटाला हलकेच स्पर्श करते.

“कुठे लागतंय?”

“अंगठ्याले,” ते लगेच म्हणतात.

काल त्यांनी तसे म्हटले, तेव्हा कापूस अजून माझ्या हातातच होता.

“बरोबर,” मी म्हणाले.