दोन अधोल्या

औशाजवळच्या एका खेड्यात मी मास्तर म्हणून लागलो तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि शाळेला सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी आसपासच्या गावांतले आम्ही सात-आठ मास्तर औशाला जमायचो. चहा व्हायचा, आणि कुणाचं कुठं अडतंय तेही एकमेकांना सांगून व्हायचं. माझी पोरं मापांच्या गणिताला ढिम्म बसतात, असं रडगाणं मी एकदा गायलो. तेव्हा आमच्यातले थोरले मास्तर म्हणाले, "पुस्तक ठिव बाजूला. घरातली मापं आणायला सांग पोरान्ला. आपलं हाय म्हणलं की ध्यान देत्यात."

मी सांगितलं. कुणी शेर आणला, कुणी पायली, आणि मापायला थोडी ज्वारीही. शाळेत मुलगी एकच होती, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची. ती दोन अधोल्या, म्हणजे अर्ध्या पायलीची मापं, घेऊन आली. "गुरुजी, ह्ये घ्यायचं माप अन् ह्ये द्यायचं," ती म्हणाली. घरात रोज ऐकलेलंच ती सांगत होती.

मी तिथंच थांबायला हवं होतं. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया तिच्या बापाच्या शेतात खुरपायला जात आणि मजुरीची रोजची अधोलीभर ज्वारी त्यांना त्या द्यायच्या मापानं मिळे. मला हे ठाऊक होतं. पण पहिल्यांदाच सगळी पोरं माना पुढं काढून बघत होती, आणि मी हुरळलो. द्यायची अधोली ज्वारीनं काठोकाठ भरली आणि घ्यायचीत ओतली. तीन मुठी कमी पडल्या. मी फळ्यावर गणितच घातलं: दिवसाला तीन मुठी, तर बारा दिवसांच्या खुरपणीत किती?

उत्तर सगळ्यांत आधी त्या मुलीनंच दिलं, खुशीत. मग मागून एक पोरगं म्हणालं, "म्हंजी आमच्या मायच्या?" मुलीनं हळूच दोन्ही अधोल्या जवळ ओढून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला. रागावला नाही. "लई झालं शिकणं, गुरुजी. पोरीला एवढं पुरं," म्हणाला आणि तिची पाटी मागितली. तिला राहू द्या, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. पण माझी राहायची खोली त्याचीच होती. मी पाटी काढून दिली.

त्या शुक्रवारी थोरल्या मास्तरांनी विचारलं, "काय, जमलं का?" मी तीन मुठींचं सांगितलं, पोरं कशी पुढं सरकली तेही सांगितलं. मुलीचं गाळलं. सगळ्यांनी वाहवा केली आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. हे लिहितानाही लाज वाटते.

नुकताच लागलेला एक पोरगेला मास्तर माझ्याजवळ सरकला. "उद्याच मागवतो मापं. काई अडचण येती का हो?"

त्याच्या गावातही कुणाच्या तरी घरी दोन अधोल्या असणार, हे मला कळत होतं.

"ज्वारी जरा जास्त आणायला सांग," मी म्हणालो. "सांडती लई."