कापसाची खोली

परवा माझ्या भाचीनं फोनवर एक फोटो पाठवला. पुण्यातल्या तिच्या फ्लॅटचं दार, आणि दारावर एक गोल तोरण. वाळक्या काड्यांची चुंबळ, तिच्यावर चिकटवलेली उमललेली बोंडं, मधेमधे करपट पानं आणि खाली सुतळीची गाठ. सोबत लिहिलं होतं, 'मावशी, शरद ऋतू स्पेशल! सगळं स्वतःच्या हातानं.' नीट पाहिलं तर ती बोंडं कापसाची होती, आपल्या पऱ्हाटीची. तिनं ती विकत मागवली होती, खोक्यात भरून, घरपोच.

मला शिसारी आली. हा शब्द फार झाला असं कुणाला वाटेल, पण दुसरा मी वापरणार नाही. मी फोन पालथा ठेवला आणि उगाचच मान खाजवली. इतक्या वर्षांनीसुद्धा नुसता फोटो बघून मान खाजते.

बाबांना दाखवला. ते आता माझ्याकडेच असतात, यवतमाळला. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "सरकी हाय का त्यात?"

"बाबा, ते शोभेचं आहे."

"कापूस शोभेचा?" म्हणाले, आणि पुन्हा टीव्हीकडे वळले.

शरद ऋतूचं कौतुक मला शाळेपासून कधी कळलंच नाही. पुस्तकात टिपूर चांदणं असायचं, निवळलेलं पाणी असायचं. मारेगावजवळच्या आमच्या गावात शरद म्हणजे डोक्यात जाणारं ऑक्टोबरचं ऊन, मळणीनंतर साचलेल्या सोयाबीनच्या कुटाराचा कुबट वास आणि लाल ढेकण्या. ज्यांनी ढेकण्या पाहिल्या नाहीत त्यांना सांगते. लाल, चपटा किडा. फुटलेल्या बोंडावर झुंबड करतो. बहुतेक वेळा दोघं पाठीला पाठ चिकटवून चालतात, एक पुढं ओढतो आणि दुसरा फरफटत मागं जातो. वेचलेल्या कापसाबरोबर ते घरात येतात, भिंतीवर चढतात, उशीत शिरतात, चहाच्या कपात पडतात. असलं चांदणं आमच्या वाट्याला होतं.

मी सांगतेय ती कापसाचे दिवस फिरले तेव्हाची वर्षं. भाव पडलेला असायचा आणि सरकारी खरेदी केंद्र आज उघडतं, उद्या उघडतं असं चालायचं. व्यापाऱ्याला मातीमोल द्यायचा नाही म्हणून लोक थांबायचे, आणि थांबायचं म्हणजे कापूस घरात भरायचा. गोदाम कुणाकडे होतं? दसऱ्यानंतर पहिली वेचणी आली की घरातली समोरची खोली रिकामी करायची. बाजा बाहेर, कपाट मधल्या खोलीत, देव मागच्या पडवीत, चुलीजवळ. मग गाठोडी सोडायची आणि पायांनी तुडवून तुडवून खोली भरत न्यायची. दिवाळीपर्यंत कापूस खिडकीच्या वर जायचा. गावात घरोघर हेच. पाहुणा आला की त्याला मान म्हणून कापसावरच बसवायचे, आणि घरी जाईपर्यंत तो काखा खाजवत राहायचा. बाहेरचे लोक कापसाला पांढरं सोनं म्हणत. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! घरभर कापूस असून आम्ही चिंध्यांच्या गोधडीवर झोपायचो, कारण सरकीसकट कापसाची गादी होत नाही.

त्या वर्षी माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला आली. ताईचं सासर उमरखेडचं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा काही नुसता रिवाज नव्हता. ताई सासरी फार जपून, मोजकं बोलून राहायची. हे दोन-तीन महिने आईजवळ पाय पसरून बसायला मिळतील, याच एका गोष्टीची तिनं लग्नापासून वाट पाहिली होती. दवाखाना मारेगावचा सरकारी आणि तिथून सव्वा महिना घरी, असं ठरलं. आल्या आल्या तिनं समोरच्या खोलीत जाऊन बाज कुठे टाकायची तेही बघून ठेवलं होतं. खिडकीखाली, जिथून रस्ता दिसतो तिथे. दसऱ्याला अजून अवकाश होता आणि खोली रिकामी होती.

मी तेव्हा बारावी होऊन घरी बसलेली, आणि हातकामाचं भलतं वेड. वर्तमानपत्राच्या महिलांच्या पुरवणीत 'टाकाऊतून टिकाऊ' असं सदर यायचं. ते मी कापून ठेवत असे. आता तो शब्द ऐकला तरी माझं डोकं फिरतं. टाकाऊ ते टाकाऊच असतं. पण तेव्हा मला वाटायचं, हाताला कला असली की दोन खणांच्या घराचा बंगला होतो.

दसरा झाला, वेचणी सुरू झाली आणि बाबांनी नेहमीसारखी गाठोडी समोरच्या खोलीत आणून सोडली. आई म्हणाली, "औंदा पोरगी हाय ना घरात." बाबा म्हणाले, "अर्धीच भरतो. दिवाळीनंतर भाव चढते, तवा काढून टाकू." मला तर उलट हुरूपच आला. पुरवणीत आलंच होतं, 'एका खोलीच्या दोन खोल्या करा.' मी खताची रिकामी पोती गोळा केली, उसवली, विहिरीवर धुतली आणि दाभणानं सुतळी ओवून एकमेकांना शिवली. वरून आईच्या जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं. आढ्यापासून जमिनीपर्यंत पडदा. पलीकडे कापूस, अलीकडे ताई.

पडदा टांगायच्या आधी भिंतींना चुना द्यायचा होता. अंबाडीचा कुंचा बांधला, चुन्यात नीळ टाकली आणि लागले हात मारायला. पण कापसामागची भिंत कशी रंगवणार? बाबा म्हणाले, "दिसते तेवढी मार. खालची कोणाले दिसून राह्यली?" म्हणून कापसाच्या वरची भिंत मी रंगवली आणि खालची तशीच सोडली. हसू नका. गावातल्या निम्म्या घरांच्या भिंती त्या काळात अशाच असायच्या, वरून पांढऱ्या आणि खालून काळपट. पूर ओसरल्यावर राहते तशी मधे एक रेघ. ती रेघ बघून कुणाच्या घरात किती कापूस थांबला होता ते कळायचं.

पण अर्धी म्हटलेली खोली अर्धी राहीना. दुसरी वेचणी आली. बाबा पडद्यापलीकडे भरत राहिले, पाय देऊन दाबत राहिले, आणि पडदा अलीकडे फुगत आला. ताईपेक्षा पडद्याचेच दिवस भरत आलेत असं वाटायचं. पोती कितीही धुतली तरी खताचा उग्र वास मारत होती. त्यात फवारणीच्या औषधाचा वास, त्यात कोंडलेल्या कापसाचा. शिवणीतून ढेकण्या येत होत्या. एकदा सकाळी ताईच्या वेणीतून मी ढेकण्यांची जोडी काढली, पाठीला पाठ चिकटलेली, आणि चपलेखाली रगडली. मी जिचं कौतुक करून घेतलं होतं त्या कलाकुसरीचा असा थाट होता.

मग ताईच्या अंगाला खाज सुटली. आम्हाला दरवर्षी सुटायची, आम्ही खोबरेल लावून गप बसायचो. पण तिचं पोट ताणलेलं, कातडी नाजूक. मानेपासून पोटापर्यंत लाल पुरळ आलं. खाजवून खाजवून रक्त यायचं. खोलीत झोपवेना म्हणून ती बाज घेऊन अंगणात झोपायला लागली. येणारी-जाणारी बाई विचारायची, "काहून वं, बाहेर काहून झोपली?" आणि उत्तर माहीत असूनही दातात पदर धरून उभी राहायची. त्या बायांचाही मला तिटकारा यायचा. त्यांच्या घरात काय मोगरा भरला होता?

खरी गोष्ट आईच्या तोंडून निघाली. दिवाळीच्या आधी एका दुपारी ती बाळंतिणीच्या सामानाची आवराआवर करत होती. लोखंडी शेगडी घासून तिनं दारात ठेवली आणि खोलीकडे बघत उभी राहिली.

"अन् शेगडी कुठी ठेवता?" आई म्हणाली.

कापूस भरला की त्या घरात आगपेटीसुद्धा समोर येत नसे. बाबा विडी ओढायला रस्त्यापलीकडे जायचे. देवापुढचा दिवाही आम्ही मागच्या पडवीत लावायचो. आणि बाळंतिणीच्या बाजेखाली तर सव्वा महिना शेगडी, ओव्याची धुरी, बाळाचा शेक. मधल्या खोलीत म्हणावं तर दोन्ही खोल्यांच्या मधे नुसती उघडी चौकट, ठिणगी अडवायला दारच नव्हतं. मी पडदा शिवला, चुना मारला, खिळे ठोकले, आणि इतक्या दिवसांत हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. कापूस ठेवायची इतकी सवय झाली होती की त्या खोलीत माणसालाही विस्तव लागतो हे आम्ही विसरलो होतो.

बाबा म्हणाले, "शेगडी पडवीत ठेवा. लेकराले तिकडं नेऊन शेकून आणा."

"पोयीवानी?" आई म्हणाली. "शेकाले नेते अन् गुंडाळून आणते?"

एरवी बाळाची पोळी झालेली ऐकून आम्ही हसलो असतो. ताई अंगणातल्या बाजेवर बसली होती. ती तिथूनच बोलली.

"बाबा, हा बाहेर ठेवा."

"बाहेर कुठी ठेवू, बेटा? दव पडते. एक डाव भिजला का पिवळा पडते, मंग कोणी हात लावत नाही."

"मंग इकून टाका."

"या भावात?"

ताईनं मानेवरचं पुरळ खाजवलं. मग म्हणाली, "मी अंगणातच झोपून राह्यली, बाबा. दव माह्या अंगावरही पडते."

बाबांनी खाली बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस उठेल, बैलगाडी जुंपेल. ते उठले, आणि दिवाळीपर्यंत थांबू म्हणाले. त्या क्षणी मला माझ्या बापाची किळस आली. हे मी लपवणार नाही. कापसाची येत होती त्याहून जास्त आली. वाईट माणूस असता तर रागावून मोकळी झाले असते. पण त्यांनी आम्हाला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही, आणि त्या दिवशी लेक एकीकडे आणि ढीग एकीकडे असताना त्यांचे पाय ढिगाकडेच रुतून बसले.

ताईनं त्याच संध्याकाळी एसटीडीवरून सासूला फोन केला. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही. सकाळी ती निघाली. भरत आलेलं पोट घेऊन मारेगाव ते उमरखेड, मधे गाड्या बदलत, सोबत आई. माहेरी आलेली लेक बाळंत न होता सासरी परत निघाली, हे आमच्या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. बाया ओट्यांवर येऊन उभ्या राहिल्या. आईनं ओटी भरली. बाबा पिशवी घेऊन बसथांब्यापर्यंत गेले. ताईनं वाकून नमस्कार केला आणि बसमध्ये चढली. खिडकीतून तिनं मला हात केला, त्यांना नाही.

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असा निरोप आला. त्याच आठवड्यात बाबांनी कापूस विकला. भाव चढला नव्हताच. कुणी सांगितलं नसताना त्यांनी स्वतः चुना कालवला आणि खालची भिंत रंगवली. पण नवा चुना जुन्या चुन्याशी जमला नाही, रेघ दिसतच राहिली. माझा पडदा मी उकिरड्यावर नेऊन जाळला. पोती जळताना असा घाण वास सुटला की शेजारी भांडायला आले. त्यानंतर मी सुई फक्त बटणं लावायला हातात घेतली.

ताई पुढे यायची, नाही असं नाही. दिवाळीला यायची, फराळ करायची, संध्याकाळच्या बसनं परत. मुक्कामाला कधी राहिली नाही. मागच्या काही वर्षांत तर आमच्या त्या घरात कापूस भरायचंही बंद झालं, तरी नाही. बाबा दरवेळी म्हणायचे, "राह्य ना आज." ती म्हणायची, "पोरीची शाळा हाय."

आणि त्याच पोरीनं आता दारावर बोंडं टांगली होती. तिचा दोष नाही. तिला कुणी सांगितलंच नाही. ताई हे कधी बोलत नाही, आणि आमच्यात कुणाची हिंमत नाही.

फोटो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई उमरखेडहून तिच्याकडे राहायला जायची होती. संध्याकाळी भाचीचा फोन आला. बाबांना नीट ऐकू येत नाही म्हणून घरात मी फोन मोठ्या आवाजावरच ठेवते. भाची रडवेली झाली होती.

"मावशी, आईला काय झालंय? दारातच उभी राहिली. आत यायलाच तयार नाही. म्हणे, हे आधी काढ. मी म्हटलं, अगं, दोन दिवस खपून केलंय. तर म्हणते, घरात नको, बाहेर ठेव. एवढंच. दुसरं काही बोलेचना."

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता. ते खुर्चीतून पुढे वाकले आणि फोनशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाले,

"मंग? ठेवला का बाहेर?"

"हो आजोबा. लगेच खाली नेऊन ठेवलं."

"बरं केलं, बेटा," बाबा म्हणाले. "बरं केलं."