दुसरं कुलूप काढायला गडहिंग्लजकडे

सदाकाकांचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "मोटरच्या खोलीचं दुसरं कुलूप काढतोय. तुझ्या बाचा मोटरीतला वाटा तुझ्या नावावर हाय, सही कराय ये." म्हटलं, झालं! म्हाताऱ्याला कुणीतरी गुंडाळलं.

आमच्या गावात दोन वाड्या. वरची आमची, खालची त्यांची, आणि नदीवरची पाण्याची मोटर दोघांत एक. नव्वदच्या दशकात पाण्याच्या पाळीवरून मारामारी झाली, त्यात काकांचा पाय मोडला तो कायमचा. कोर्टात कुणी कबूल झालं नाही. शेवटी तडजोड निघाली: मोटरच्या खोलीला दोन कुलपं. एक किल्ली काकांकडे, दुसरी खालच्या वाडीच्या बसप्पाकडे. दोघं आल्याशिवाय मोटर लागत नाही. तेव्हापासून भांडण नाही. आता कुलूपच गेलं, तर काकांचा दीड एकर ऊस त्यांच्या मर्जीवर! मी निघाले ती सही न करायलाच.

कोल्हापूरहून गडहिंग्लजची एस.टी. निपाणी, संकेश्वर करत जाते, म्हणजे कर्नाटकात शिरून परत महाराष्ट्रात. दोन तास धरा. दुपारची गाडी असेल तर डावीकडची खिडकी पकडा, नाहीतर उन्हानं भाजून निघाल. गडहिंग्लज स्टँडबाहेर भाजलेल्या शेंगा घ्या, कारण पुढे गावापर्यंत वडापची जीप आहे. जीपवाला दहाच रुपये घेतो, पण गाडी भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की नाही ते तोच ठरवतो.

जीपमध्ये शेजारी बसलेल्या मावशींनी विचारलं, "कुणाकडं पावणं?"

"सदाकाकांकडे."

"म्हंजे बसप्पाच्या सदाण्णाकडं!"

मी कान टवकारले. आमचे काका बसप्पाचे कधीपासून झाले?

संध्याकाळी काकूंनी भाकरी आणि खर्डा वाढला. मी सरळच म्हटलं, "काका, तुमची किल्ली दाखवा."

"बसप्पाकडं हाय."

"दोन्ही किल्ल्या त्याच्याकडे?"

"व्हय. दिवाळीपासनं. ह्यो पाय घिऊन रोज नदीला कसा उतरू? मग त्यानं एकट्यानं दोन कुलपं कशाला उघडायची?"

हातातला घास मी ताटात टाकला. सहा महिने दोन्ही किल्ल्या त्यांच्याकडे, आणि आमच्या वाडीत कुणाला पत्ता नाही!

उजाडताच उसाकडे गेले. वाटलं होतं, वाळलेला असेल. तर आत पानं हलताना दिसली. मी ओरडले, "कोण रे तो? बाहेर ये!"

हातात खोरं, गुडघ्यापर्यंत चिखल, साठीचा माणूस बाहेर आला. "बसप्पा हाय मी, अक्का. पाण्याला दारं धरतोय."

"आमच्या उसात?"

"मग कुणाच्या? माझं कालच भिजलं की."

लाज वाटली. पण जीभ गप्प बसेल तर ना. "काकांचा पाय कुणी मोडला?"

त्यानं खोरं खाली ठेवलं. "मीच. कोर्टात न्हाय म्हणलतो. किल्ली हातात दिली त्या दिवशी सदाण्णाला सांगितलं."

"काय म्हणाले?"

"सदाण्णा म्हणलं, मला ठावं हुतं की. जा, मोटर लाव." एवढं बोलून तो पुढच्या सरीकडे वळला, तिथं पाणी फुटायला आलं होतं.

मी तावातावानं घरी आले. "ठाऊक असून किल्ली दिलीत?"

"पाय माझा मोडलाय, तुझा न्हाय," काका म्हणाले आणि कागद पुढे सरकवला. मी सही केली. विश्वास बसला म्हणून नव्हे हं, पाय काकांचा होता म्हणून.

कोल्हापुरात परतून महिना झाला. जाऊन या म्हणेन, नदीकाठ सुरेख आहे. पण माझा संशय काही फिटत नाही. दर रविवारी काकांना फोन करते, पाणी आलं का? ते वैतागतात, "बसप्पालाच इचार!" म्हणत फोन त्याच्या हातात देतात. तो रोज तिथंच टेकलेला असतो. तीन रविवार मी न बोलता फोन ठेवला. खरं सांगते, त्या माणसाचा मला अजून राग येतो.

परवा ठेवला नाही. "आलं की, अक्का," तो म्हणाला.

मी विचारलं, "काकांचा पाय कसा आहे?"

तो फोन घेऊन अंगणात गेला, चपलांचा आवाज आला. मग म्हणाला, "लई दुखतोय. तुम्हास्नी सांगत न्हाईत."